फटी त्याच होत्या

अंगठा अजून ठणकतोय, आणि डोकं त्याहून जास्त. म्हणून इथे लिहितेय.

आगोट जवळ आली, पाऊस तोंडावर आलाय. पावसाळ्यासाठीचं सुकं मावरं, म्हणजे सुकी मासळी, भरायला मी चार दिवसांपूर्वी दोन पेट्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा करवत धरली. फरशीच्या दुकानाबाहेर टाकलेल्या फळ्या आणल्या, मोबाईलवर बघून मापं घेतली, अंगठ्यावर दोनदा हातोडा मारून घेतला. बोंबलांना वारा लागावा म्हणून फळ्यांमध्ये काडी मावेल एवढ्या फटी मुद्दाम सोडल्या.

आज सकाळी मोठे दीर आले. ते होड्या दुरुस्त करतात, लाकडातलं त्यांना कळतं. पेटीवर हात फिरवून म्हणाले, "कुठला सुतार गाठलास गं? फटी बघ कशा मापात सोडल्यात. सुक्याला वारा हवाच."

मी म्हटलं, "भाऊजी, मीच केल्यात."

ते हसले. मग उकिडवे बसून पेटी हलवून बघायला लागले. "तरीच! फळ्या जुळल्याच न्हाईत तुझ्या. केवढ्या फटी ऱ्हायल्यात. उंदीर शिरंल."

नवरा शेजारीच चहा पीत होता. त्या दिवशी अंगठ्याला हळद त्यानेच लावली होती. आज त्याने कपातून डोकं वर काढलं नाही.

जाताना भाऊजी एक पेटी उचलून घेऊन गेले. "वाकडी हाय, पण चालंल."

आता तुम्हीच सांगा, खिळा बाईने ठोकलाय हे फळीला कधी कळतं? मी सांगायच्या आधी, की नंतर?