नसरीन आपांची लाइन

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी नसरीन आपा एका उपड्या क्रेटवर उभ्या राहायच्या आणि काल स्वतःचं काय चुकलं ते आम्हा सगळ्या बायकांना सांगायच्या. "काल मी भलत्याच मालाची पेटी उघडून दिली, तुमचा वेळ गेला. माझं झालं. आता तुमचं सांगा." कुणीच बोललं नाही तर कमरेवर हात ठेवायच्या. "कुणाचंच काय चुकलं नाय? मंग काल काम केलं का नुसत्या गप्पा हाणल्या?" आता बोला! सुपरवायझर म्हणजे खेकसणारा माणूस, एवढीच आमची समजूत. आणि ही बाई सकाळी सकाळी आपल्याच चुका सांगत सुटलेली. पहिले काही दिवस आम्ही पदरात तोंड लपवून हसायचो.

वाळूजला आमचा छोटा कारखाना. गाड्यांना लागणाऱ्या वायरी जोडून त्यांची जुडगी बांधायची, त्यांना हार्नेस म्हणतात. टेबलांची एक लांब ओळ, प्रत्येक टेबलाशी एक बाई, ती आमची लाइन. आपांच्या आधीचे सुपरवायझर चूक सापडली की चारचौघांत अब्रू काढायचे. मग बायका काय करणार? बिघडलेला हार्नेस जेवणाच्या पिशवीत, डब्याखाली, आणि बजाजनगरला परतताना सरळ नाल्यात! माल कमी का भरतो म्हणून मालक वर डोकं धरून बसलेले.

आपा आल्या आणि थोड्याच दिवसांत नाल्यातलं एक चिखलाने भरलेलं जुडगं हातात धरून लाइनवर उभ्या राहिल्या. आपा म्हणाल्या, "कुणी टाकलं ते मला नाय पायजे. टाकायची पाळी का आली, तेवढं सांगा." मग एकीनं तोंड उघडलं आणि सगळ्यांचीच गाऱ्हाणी बाहेर पडली. उजेड कमी पडतो, पिवळी अन् पांढरी वायर सारखीच दिसते, विचारायला जावं तर बोलणी बसतात.

आपा मालकांच्या मागे हात धुऊन लागल्या आणि नवे दिवे आले. शहागंजच्या बाजारातून त्यांनी सायकलच्या घंट्या आणल्या आणि प्रत्येक टेबलाला एक बसवली. शंका आली की घंटी वाजवायची, लाइन थांबवायची, आपा येणार. आल्या की पहिला शब्द ठरलेला, "बरं केलं!" बिघडलंय काय ते मग बघायच्या. माझ्या सख्ख्या नवऱ्यानं मला उभ्या जन्मात कधी बरं केलं म्हटलेलं नाही, ते आपांनी पहिल्याच घंटीला म्हटलं. तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

अशात एका बड्या गाडी कंपनीची ऑर्डर मिळायची आशा निर्माण झाली. मिळाली तर कारखाना तरणार, नाही तर निम्म्या बायका घरी. मालकांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. त्या कंपनीचे साहेब लाइन बघायला येणार, त्या दिवशी मालक आपांना म्हणाले, "आजच्या दिवस घंट्या काढून ठेवा. त्यांच्यासमोर लाइन थांबली तर संपलंच."

"घंट्या काढायच्या तर आधी मला काढा, साहेब."

"ऑर्डर गेली तर तेच करावं लागंल," मालक म्हणाले. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. घंट्या मात्र जागेवरच राहिल्या.

साहेब आले. चाचणीसाठी कनेक्टर, म्हणजे वायरींच्या टोकाला बसणारे प्लास्टिकचे तुकडे, त्यांनी स्वतःच्याच कंपनीतून पेटीभर आणले होते. साहेब त्या पेटीशी उभे राहून बघत होते. आणि आमच्या मंदानं घंटी वाजवली! मंदा सोयगावहून नुकतीच आलेली, आवाज एवढा बारीक की नावसुद्धा दोनदा विचारावं लागे. लाइन थांबली. तिला वायर आखूड वाटली होती. आपांनी मापून बघितली तर वायर अगदी बरोबर.

"झालं समाधान?" मालक दातओठ खात म्हणाले. मंदाचे डोळे भरले. आपा दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या आणि साहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "बरं केलं, बेटा. परत शंका आली तर परत वाजव."

काम सुरू झालं. मी मंदाच्या शेजारच्याच टेबलाला. थोड्या वेळानं बघते तर हिचा हात पुन्हा थांबलेला. एक कनेक्टर डोळ्यांजवळ नेऊन बघतेय. माझ्या मनात आलं, नको गं बाई, आपांची नोकरी जाईल, गप बस. मंदानं एकदा आपांकडे पाहिलं आणि घंटी वाजवली.

आपा आल्या. "बरं केलं." कनेक्टरला बारीक चीर होती. पेटीतला दुसरा काढला, त्यालाही चीर. तिसरा, तोही तसाच. माल साहेबांचा, आणि साहेब समोर. मालक पुढे होऊन काही सारवासारव करणार, तोच आपांनी त्यांना हातानं थांबवलं. "मंदा, तू पाह्यलं, तूच सांग."

"साहेब, तुमचाच माल फुटका हाय," मंदा म्हणाली. अगं बाई! ह्या खेपेला दोनदा विचारावं लागलं नाही.

साहेबांनी चष्मा चढवून चीर न्याहाळली. मग म्हणाले, "पहिली घंटी खोटी ठरली होती ना? मग दुसरी वाजवायची हिंमत कशी झाली?"

"पहिल्या घंटीला मला कुणी मारलं नाय ना," मंदा म्हणाली.

साहेब हसले नाहीत. मालकांकडे वळून म्हणाले, "गाडीत माणसं बसतात. आम्हाला अशीच लाइन पाहिजे." ऑर्डर मिळाली हो! संध्याकाळी बसमध्ये आम्ही असा काही गोंधळ घातला की ड्रायव्हरनं कानाला मफलर गुंडाळला.

पुढे मालकांनी आपांना अख्ख्या कारखान्याचं काम दिलं, वरच्या मजल्यावर केबिनसुद्धा. आपांनी आढेवेढे घेतले नाहीत. "घेते की! पगार मात्र कामाइतका द्या," म्हणाल्या. त्यांच्या जागी लाइनवर कुणाला नेमायचं, असं मालकांनी विचारलं तेव्हा आपांनी आमच्याकडे बोट केलं. "त्यांना विचारा. काम त्यांना करायचंय." आणि जिन्याकडे निघाल्या.

मालकांनी विचारलं मात्र, आम्ही सगळ्या एकदमच बोलायला लागलो. कोण हवी, कशी हवी, कशी नको, चहाची सुट्टी, पंखे, सगळंच निघालं. मालक बिचारे खुर्ची ओढून बसले. बराच वेळ ऐकून घेतलं, मग घड्याळ बघत उठू लागले.

"बसा साहेब," मंदा म्हणाली. "आमचं झालं नाय अजून."

जिन्यातून आपांचं खळखळून हसणं ऐकू आलं. मालक परत खुर्चीत बसले.