बगळा, ताटल्या आणि हेंक

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. कोरोनाच्या दिवसांत आमच्या दाराजवळच्या खुंटीवर मास्क साठायचे, तसे ते साठतात. कुठला कोणाचा, कधीचा, काही कळत नाही, आणि एक ओढला की बाकीचे सगळे हातात येतात.

खुंटी नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावातल्या एका घराची. ज्या मुलांना आपल्या घरी राहता येत नाही, अशी काही मुलं तिथे राहायची आणि आम्ही पाळीपाळीने त्यांना सांभाळायचो. मी पुण्यात सोशल वर्क शिकले, लग्न होऊन इथे आले, डच शिकले आणि ही नोकरी लागली. घरामागे कालवा, कालव्यावर धुकं. लॉकडाऊनमध्ये रस्ते इतके गप्प झाले होते, की अख्खं घर हळूहळू पाण्यावरून कुठेतरी निघालंय असं वाटायचं.

मी मुळात दचकणारी. कुकरच्या शिट्टीला दचकते. अशा बाईच्या कमरेला त्यांनी एक बटण लावून दिलं होतं. दाबलं की पोलीस येतात.

*

पहिल्याच आठवड्यात दाबलं गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, काचेला चोच लावून, एक करडा बगळा उभा होता. इथले बगळे बघतातसुद्धा माणसासारखे. मी किंचाळले आणि हात आपोआप कमरेला गेला.

आला तो हेंक, आमच्या भागातला पोलीस. मास्क लावून, दीड मीटर लांब. टेबलाशी यारा पावाला लोणी लावत होती. यारा सोळा वर्षांची, आमच्या घरातली सगळ्यात मोठी मुलगी. मला काही विचारायच्या आधी हेंक तिला म्हणाला, "सुरी खाली ठेव."

तिने ठेवली आणि हात डोक्यावर घेतले. आपण देवळात शिरताना चपला काढतो, तितक्या सहज.

"काय केलं हिनं?" हेंकने मला विचारलं.

"हिनं नाही, बगळ्यानं."

हेंकने खिडकीकडे पाहिलं. "त्याचा पत्ता आहे का?"

यारा हसली. पण हात मात्र हेंकने सांगितल्यावरच खाली घेतले.

*

घराचा नियम होता: काही फुटलं, कोणी हात उचलला, की पोलिसांना कळवायचं. विल्मा, आमची मुख्य, हा नियम पाळायचीच. वाईट नव्हती ती. सगळ्या मुलांना लोकरीचे मोजे विणून द्यायची. इथे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, पण विल्माला 'अगं' म्हणताना माझी जीभ अजून अडखळायची.

तर, लॉकडाऊनमुळे घरच्यांच्या भेटी बंद झाल्या. याराची आई रविवारी यायची, तेही थांबलं. त्या रविवारी याराने पास्त्याची ताटली भिंतीवर मारली. विल्माने फोन केला, हेंक येऊन तिला घेऊन गेला. मालमत्तेचं नुकसान! समज देऊन सोडलं, पण सोडताना त्याने बजावलं, "आणखी एक तक्रार आली, तर पुढचं माझ्या हातात नाही. मग चांगल्या वर्तणुकीचा दाखला विसर."

याराला पाळणाघरात काम करायचं होतं, आणि दाखल्याशिवाय इथे कोणी कोणाच्या बाळाला हात लावू देत नाही.

मी सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. "अगं, तुझ्या दादानं दहावीत टीव्हीचा रिमोट भिंतीवर फोडला होता," आई म्हणाली. "तेव्हा मी काय केलं?"

"बोलली नाहीस त्याच्याशी."

"दुपारभर. संध्याकाळी शिरा केला." मग म्हणाली, "तिथे शिरा कोण करतं गं?"

*

पुढच्या हिवाळ्यात कालवा गोठला. लहान मुलं बर्फावर खुर्ची ढकलत स्केटिंग शिकतात, हे मला माहीत नव्हतं. यारा जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून आली आणि म्हणाली, "धर. पायांकडे बघू नकोस, समोर बघ. पडलीस तर मी आहे."

हा आवाज तिने कधी, कोणासाठी तयार ठेवला होता कोण जाणे. मी खुर्चीला लटकून निघाले. वर पांढरं, खाली पांढरं, मधे आम्ही दोघी. ती उलटी, माझ्याकडे तोंड करून सरकत होती, "अस्सं, अस्सं" म्हणत. त्या दुपारी मी एकदाही दचकले नाही.

परत आलो तर विल्मा दारात. "घराची खुर्ची बाहेर कोणी नेली?"

याराचे हात वर जायला लागले.

"मी," मी म्हटलं.

"बरं. पाय पुसून ठेव तिचे."

*

याराच्या वाढदिवसाला मी शिरा केला. केळं घालून, आईचा. यारा ओट्यापासून लांब, दाराशी उभी राहून वास घेत होती. मी कपाटातून ताटल्यांची अख्खी चळत काढली, वळले, आणि खिडकीत तोच बगळा!

एकही ताटली वाचली नाही.

आवाजासरशी विल्मा धावत आली, फोन हातात, बोट आकड्यांवर. यारा भिंतीला पाठ लावून उभी. हात डोक्यावर. चेहरा मैद्यासारखा.

"कोणी फोडलं?"

"मी."

विल्माचा फोन खिशात गेला. "अगं बाई, लागलं नाही ना तुला? हलू नकोस, मी झाडू आणते."

ती झाडायला लागली. यारा तशीच उभी होती. मी कमरेचं बटण दाबलं. या वेळी दचकून नव्हे.

हेंक आला, याराकडे बघून म्हणाला, "काय केलं हिनं?"

"ताटल्या मी फोडल्या," मी म्हटलं. "सगळ्या. कळवायचा नियम आहे."

हेंकने जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मास्कच्या आतून हसला. "ताटल्या फुटल्या म्हणून कोणी पोलिसांना बोलावतं का?"

विल्माचा झाडू थांबला.

"माझी तर एकच होती," यारा म्हणाली. हात अजून डोक्यावरच होते.