आईसमोरचं उत्तर

लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात तिला सगळे ‘चेहरेवाली मावशी’ म्हणत. तिच्या गळ्यात एक जाड पुठ्ठा अडकवलेला असे. त्यावर ओळीनं सहा चेहरे, खुदकन हसणाऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत. आज किती दुखतंय ते मुलानं बोट ठेवून दाखवायचं. जी मुलं आता बरी होणार नाहीत त्यांना निदान दुखू तरी नये, त्यासाठी कोणाला किती औषध द्यावं, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यातच केस पांढरे झाले, लग्नाचं राहून गेलं. धाकटा भाऊ चिडवायचा, “ताई, तुला बघायला आलेल्यालाही तू पुठ्ठाच दाखवला असशील.”

तिचा एक नियम होता. मुलाला विचारताना आई किंवा वडील शेजारी हवेतच. परक्या बाईपुढे मूल बुजतं, आईचा हात धरला की मोकळं बोलतं, असं तिचं म्हणणं. नियम तिनंच घातलेला. पुढे इतर ठिकाणच्या संशोधकांनीही तो उचलला, याचा तिला मनातून अभिमान होता.

खिडकीजवळच्या खाटेवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती, बडबडी आणि बेरकी. रोज आईचा हात धरून ती दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवी. म्हणजे थोडंसंच दुखतंय. डॉक्टर त्या बेतानं औषध देत.

एका दुपारी विचारून झालं आणि आई थर्मास घेऊन गरम पाणी आणायला गेली. मावशीही निघाली, तोच मुलीनं तिची ओढणी धरली.

“आता विचारा.”

“आत्ताच तर विचारलं की.”

“ते आईसमोरचं. आता खरं विचारा.”

मुलीचं बोट पाचव्या चेहऱ्यावर गेलं.

“अगं, मग मघाशी दुसरा का दाखवलास?”

“आई रडते ना मग. इथे नाही, बाथरूममध्ये, नळ सोडून. तिला वाटतं मला ऐकू येत नाही.” दाराकडे बघत ती म्हणाली, “ती आली की मी परत दोनच म्हणणार. तुम्ही काही बोलायचं नाही.”

मागे गेलेल्या एका मुलाचे वडील मावशीच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ‘शेवटी त्याला फारसं दुखलं नाही,’ असं तिनं त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं आणि त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते. त्या मुलानंही रोज दुसराच चेहरा दाखवला होता, वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून.

ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ऐकून घेऊन ते म्हणाले, “सगळं अंगावर कशाला घेता? नियम आपण सगळ्यांनीच मान्य केला होता.”

“घातला मी,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी औषध वाढवलं. मुलीच्या आईनं मावशीला व्हरांड्यात गाठलं.

“मॅडम, औषध का वाढवलं? ती तर दोनच म्हणाली होती.”

तपासणीत दिसलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुलीची तशी ताकीदही होती. पण त्या वडिलांना जे सांगून बसली होती, तसलंच आणखी एक वाक्य तिच्या तोंडून निघेना.

“विचारण्यात माझी चूक झाली, ताई. तुमच्यासमोर विचारायला नको होतं.”

आई हळूच म्हणाली, “तिला नळाचा आवाज ऐकू जातो का हो?”

मावशीनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मावशी पुठ्ठा घेऊन आली, तशी आई स्वतःहून उठली. “मी जरा पाणी आणते,” म्हणत तिनं थर्मास उचलला. तो भरलेलाच होता.

मुलीनं तिसऱ्यावर बोट ठेवलं.

“खरं?”

“खरं. काल झोप लागली मला.” मग तिनं मावशीकडे निरखून पाहिलं. “तुमचा कितवा?”

मावशीनं हसून दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“लबाड,” मुलगी म्हणाली आणि तिनं मावशीचं बोट धरून शेवटच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवलं.