आंब्यावरचा राखणदार

आमच्या मंडळात पक्ष्यांपेक्षा ठराव जास्त होते. एकोणीसशे साठनंतरची पहिली वर्षं होती. मी मालवणात हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो आणि पक्षिनिरीक्षण मंडळाचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे सभेच्या आधी सतरंजी अंथरणारा आणि सभेनंतर ती झटकणारा. अध्यक्ष होते पोस्टमास्तर, देशावरून बदलून आलेले. उपाध्यक्ष बाजारातले एक कापडवाले. त्यांना कावळा आणि कोकीळ यांतला फरक सांगता येत नसे, पण गावातली एकुलती एक दुर्बीण त्यांच्या मालकीची होती, त्यामुळे त्यांना वगळून पक्षिनिरीक्षण करण्याची सोय नव्हती. बाकीचे सभासद चहाच्या वेळेला येत.

रविवारी सकाळी आम्ही किनाऱ्याने निघत असू. दुर्बीण आधी उपाध्यक्षांच्या डोळ्याला लागायची. त्यांचं बघून होईपर्यंत पक्षी उडून जायचा आणि मग तो कोणता होता यावर आम्ही घरापर्यंत भांडायचो. मी बोलण्यात कटाक्षाने शुद्ध मराठी वापरत असे. कोल्हापुरात शिकून आल्यावर मालवणी मी फक्त रागात आणि भीतीत बोलायचो. आमच्या या उपक्रमाबद्दल बायकोचं मत एका वाक्यात होतं. "समुद्रार जातासच, तर येताना चार पेडवे तरी हाडा. ते मासे माका वळखूक येतत."

पण त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आम्हाला खरोखरच काहीतरी सापडलं. खाडीच्या तोंडाशी एक जुना रायवळ आंबा होता. त्याचे आंबे इतके आंबट की माकडंसुद्धा एक चावून बाकीचे फेकून देत. त्याच्या शेंड्याच्या बेचक्यात काटक्यांचा मोठा ढीग दिसला आणि ढिगावर समुद्रगरुडाची जोडी. पांढरंशुभ्र पोट, राखी पाठ, आणि आपण पाटीलच असल्यासारखं बसणं. दुर्बीण न लावताही ओळखू आले. मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. पोस्टमास्तरांनी तिथेच उभ्या उभ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. अभिनंदन कोणाचं, हे मात्र ठरावात नव्हतं.

आनंद दोनच दिवस टिकला. कारण आंब्याला मालक होता, आणि मालक आंबा तोडणार होता.

सगळे त्यांना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणत. वयाने माझ्या वडिलांच्या जवळचे, आयुष्यभर दुसऱ्याच्या होडीवर राबलेले. स्वतःची होडी करायची म्हणून त्यांनी हा आंबा वर्षानुवर्षं राखला होता. त्याच्या बुंध्यातून होडी कोरायची, नारळी पौर्णिमेला ती पाण्यात घालायची, आणि यापुढे कोणाच्या हाताखाली मासे मारायला जायचं नाही, एवढा त्यांचा साधा हिशेब होता. सुतार ठरलेले होते.

आम्ही तिघे त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. मी शुद्ध मराठीत निसर्गाचा समतोल समजावून सांगितला. तांडेलांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "मास्तरांनू, तुमका माज्याकडसून काय व्हया, तां सांगा."

"घरट्यातलं पिल्लू उडेपर्यंत थांबा," मी म्हणालो. "ते उडालं की झाड तुमचं. मग आम्ही मध्ये पडणार नाही."

त्यांनी आंब्याकडे बघत बोटांवर महिने मोजले. उशीर झाला तर होडी मोसमाला तयार होणार नव्हती, हे मलाही कळत होतं. शेवटी म्हणाले, "बरा तर. पिल्लू उडला काय सांगा. तुमचो शबुद आसा मां?"

मी शब्द दिला. परतताना आम्ही तिघेही छाती पुढे काढून चालत होतो. जगातले सगळे गरुड आम्हीच वाचवले असल्यासारखे.

इथवर सगळं ठीक होतं. पुढची भानगड आम्ही आमच्या बुद्धीने ओढवून घेतली. गलोल घेऊन फिरणारी पोरं, सरपणाला फांद्या तोडणाऱ्या बायका, यांचा बंदोबस्त करायला झाडावर एक फळा लावायचा असं सभेत ठरलं. मजकुरावर दोन तास चर्चा झाली. 'संरक्षित' म्हटलं तर कोणाला कळणार नाही, 'पहारेकरी' म्हटलं तर सावकाराच्या पेढीसारखं वाटेल. मग मी 'राखणदार' हा शब्द सुचवला. पोस्टमास्तर खूश झाले. "वा! अस्सल मराठी शब्द!" त्यांच्या देशावर राखणदार म्हणजे शेताला राखण बसणारा माणूस. मी माझ्या सुंदर अक्षरात, टिंबं आणि वेलांट्या तपासून, फळा रंगवला: 'या झाडाला राखणदार आहे. दगड मारू नये. फांदी तोडू नये.'

पोस्टमास्तरांचं सोडा. मी याच गावात जन्मलो, याच गावात वाढलो. आमच्याकडे राखणदार म्हणजे कोण, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. गावाची सीमा सांभाळणारा तो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दिसत नाही पण त्याच्या वहाणांची करकर ऐकू येते. त्याला नारळ द्यायचा, विडी ठेवायची, आणि त्याच्या झाडाखालून जाताना आवाज खाली घ्यायचा. लहानपणी मी स्वतः त्याच्या नावाने दोनदा चड्डी ओली केलेली होती. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त शुद्धलेखन होतं.

पहिला नारळ दुसऱ्याच दिवशी आला. मग विड्या, केळी, कोणाचा तरी नवसाचा कोंबडा. आम्हाला वाटलं, चार दिवसांत थंडावेल. तेवढ्यात एक बाई नारळ ठेवून हात जोडत असताना वरून घरट्यातला अर्धा खाल्लेला वाम मासा धप्पकन तिच्या पुढ्यात पडला. गरुडाच्या पिल्लाने टाकला असणार. पण राखणदाराने मच्छीचा प्रसाद दिला ही बातमी संध्याकाळपर्यंत मालवणभर झाली. त्या बाईने तो प्रसाद कढीत घातला की नाही, यावर आमच्या घरीही चर्चा झाली. तिने घातला असावा, असं बायकोचं ठाम मत होतं.

मी धावत गेलो आणि जमलेल्या लोकांना समजावू लागलो. "अहो, राखणदार म्हणजे आम्ही! आमचं मंडळ!" एका म्हातारीने माझं तोंड हाताने बंद केलं. "मास्तरांनू, असा बोलू नकात. रागावतलो तो." मग मी फळाच काढून घरी नेला. तर राखणदाराने स्वतःची पाटी स्वतःच उतरवली, आता त्याला पाटीची गरज नाही, असा निर्वाळा गावाने दिला. मी हरलो. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं एवढं मनापासून कोणी वाचलं नव्हतं, आणि तेही असं.

गरुडांना मात्र कशाचं काही नव्हतं. खाली घंटा वाजो की धूप जळो, ती जोडी आपली मासे आणून पिल्लाच्या चोचीत घालत होती. पिल्लू तपकिरी, थोराड आणि अत्यंत खादाड होतं. माघात एका सकाळी ते फांदीवर आलं, पंख पसरून खूप वेळ डुगडुगलं, आणि खाडीवरून तिरकं जाऊन पलीकडच्या माडांत कसंबसं उतरलं. दुर्बीण त्या वेळी चक्क माझ्या हातात होती. मला रडू फुटलं. कापडवाल्यांनी मला मिठी मारली, आणि दुर्बीण काढून घेतली.

तसाच तांडेलांकडे गेलो. "पिल्लू उडालं. झाड तुमचं."

तांडेल हसले नाहीत. "माजा कसा, मास्तरांनू? सुतार हात लावक तयार नाय. राखणदाराचा झाड, म्हणतत. तोडून रगत ओकूचा आसा काय, असा इचारतत."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गरुडासाठी महिनेच्या महिने थांबलेल्या माणसाची होडी आम्ही एका शब्दाने बुडवली होती. पाण्यात जाण्याच्या आधीच.

यावर गावाकडे एकच मार्ग होता. देवळात कौल लावायचा. गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हणजे झाड वाचवायला निघालेलं आमचं पक्षिमंडळ झाड तोडायची परवानगी मागायला देवासमोर उभं राहिलं. असा ठराव आमच्या वहीत कधी लिहिला गेला नाही.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या मास्तरान आणि तेच्या मंडळींनी जाणता अजाणता तुज्या राखणदाराच्या नावाचो फळो लावलो..."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पोस्टमास्तरांना प्रतिसाद कधी द्यायचा ते कळत नव्हतं, त्यामुळे ते एकटेच मागाहून म्हणत होते.

"झाली चूक ती पोटात घाल, आणि ह्या लेकराक तेच्या व्हडयेसाठी लाकूड घेवक दी..."

"व्हय म्हाराजा!"

मग गुरव बाजूला सरला. तांडेल हात जोडून, डोळे मिटून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. आणि मी, शास्त्राचा शिक्षक, कौलावर वर्गात तासभर टीका करणारा, एकटक त्या पाकळ्यांकडे बघत मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, डावी पाड रे, डावी पाड. तांडेलांना शब्द मी दिला होता, झाड त्यांना मिळालं पाहिजे हे मला मान्य होतं, आणि तरीही मी हेच मागत होतो. त्या जोडीवर माझा जीव जडला होता, त्याला माझा इलाज नव्हता.

उजवी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली सगळे जमलो. सुताराने कुऱ्हाडीला नारळाचं पाणी शिंपडलं, आणि ती माझ्यासमोर धरली. "राखणदार तुमी बसवलास. उठवूचो पण तुमीच. पयलो घाव तुमचो."

मी अध्यक्षांकडे बघितलं. त्यांना टपालाची आठवण झाली. उपाध्यक्षांची कंबर धरली होती. चिटणीसाचं काम काय असतं, ते मी वर सांगितलंच आहे.

कुऱ्हाड उचलली. आयुष्यात खडूपेक्षा जड काही फारसं उचललेलं नव्हतं. घाव बसला तो इतका वरवरचा की साल तेवढी निघाली, आणि कुऱ्हाड माझ्या हातून निसटून पालापाचोळ्यात पडली. कोणीतरी हसलं. मीही हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात वर पंखांचा आवाज झाला.

मादी नखांत मासा घेऊन घरट्यावर उतरली होती. आणि तिच्यामागोमाग, डुगडुगत, फांद्यांना आपटत, ते तपकिरी पिल्लू. ते उतरलं आणि भुकेने किंचाळायला लागलं.

"रवा! रवा!" मी ओरडलो. 'थांबा' म्हणायचं सोडून माझ्या तोंडून मालवणी निघाली होती.

तांडेलांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. "उडला म्हणालास मां, मास्तरांनू?"

"उडला तर खरा," मी म्हणालो.

"मगे ह्यां काय?"

पक्षिनिरीक्षण मंडळाच्या चिटणीसाला हे माहीत नव्हतं. उडालेलं पिल्लू किती दिवस घरी येत राहतं, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. उडालं म्हणजे गेलं, असं आम्ही धरून चाललो होतो. आणखी थांबा असं म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. मोसम कोणासाठी थांबणार नव्हता, आणि हा माणूस माझ्या शब्दावर आधीच थांबला होता.

"जेवूक इला," सुतार वर बघत म्हणाला.

तांडेल पालापाचोळ्यातून कुऱ्हाड उचलायला वाकले होते. ते तसेच सरळ झाले. बुंध्याला पाठ टेकून खाली बसले आणि खिशातून विडी काढली.

"जेवांदे तेका," ते म्हणाले.

सुतार बसला, मीही बसलो. वर मासा फाडल्याचा आणि पिल्लाच्या ओरडण्याचा आवाज येत होता, आणि अधूनमधून एखादा खवला आमच्या अंगावर पडत होता. पिल्लू पोटभर जेवलं, चोच फांदीला पुसली आणि या खेपेला नीट, एकदाही न डुगडुगता, खाडीपार गेलं. मग तांडेलांनी विडी विझवली, उठून कुऱ्हाड घेतली, आणि दुसरा घाव घातला.