बाईंचा शनिवार

मी सिन्नरकडच्या एका गावात सरकारी शाळेत शिकवतो, राहतो नाशिकला. पुढच्या वस्तीवरच्या शाळेत एक बाई बदलून आल्या आणि माझं डोकं फिरलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटतो. अजूनही वाटतो.

बाई शनिवारी आईबापांना वर्गात बसवतात. ज्याने त्याने पुस्तकाचं हवं ते पान उघडायचं आणि आपल्या मुलाकडून वाचून घ्यायचं. मूल अडखळलं की बाई उठून सांगतात, "हे माझ्याकडून राहिलंय. पुढच्या शनिवारी परत विचारा." आणि पुढच्या शनिवारी ते मूल वाचतं! आम्हा शिक्षकांत, मूल कच्चं निघालं की घरी अभ्यास घेत नाहीत असं म्हणायची रीत आहे. बाईंनी सगळ्यांचीच पंचाईत करून ठेवली. शिक्षकांच्या बैठकीत मी म्हणालोसुद्धा, "नाटकं आहेत सगळी." कोणी हसलं नाही.

माझ्या शाळेचा पट घसरायला लागला. मुलं कमी झाली की शिक्षक जास्तीचा ठरतो आणि पार सुरगाण्याकडे जाऊन पडतो, ही धास्ती होतीच. पण पोटात जळत होतं ते वेगळ्याच कारणाने. माझी मुलं मला सोडून तिच्याकडे चालली होती.

जूनमध्ये एक बाप मुलीचा दाखला न्यायला आला. तो सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला, मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, भिंतींना दिलेला नवा रंग दाखवला.

"रंग लय भारी हाय, सर," तो म्हणाला. "पण आमच्या कंपनीत बारावी झालेली पोरं येत्यात. मशीनवरची सूचना वाचता येत नाय त्यांना. मग खोकी उचलत्यात. माझ्या पोरीचं तसं नको." जाता जाता दारात थांबला. "त्या बाईंची सोताची पोरगी बी तिथंच शिकती. तुमचा मुलगा कुठं असतो, सर?"

माझा मुलगा नाशिकच्या इंग्रजी शाळेत जातो. मी त्याचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर बाईंच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली. बायको मेथी निवडत ऐकत होती. आमच्या मुलाला इंग्रजी वाचता येत नाही आणि मराठीही धड येत नाही, हे तिचं जुनं दुखणं.

"त्या बाईपण नाशिकहूनच जातात ना रोज?" तिने विचारलं. "आपल्या मुलाला घेतील का हो त्यांच्या शाळेत?"

मी भडकलोच. "तिच्या कशाला? घालायचंच तर माझ्या शाळेत घालू की!"

तिने मान वर केली. चिडलेली अजिबात नव्हती.

"तुमच्या शाळेत कसं घालायचं?" ती म्हणाली. "तिथे तुम्ही शिकवता."