सुहासच्या खोलीतला केर

आज नव्या कामवालीने मला न विचारताच माडीवरची खोली झाडायला घेतली. जुन्या धुळीचा वास जिन्यातून खाली आला आणि सुहास निघाला ती सकाळ आठवली.

सुहास माझा धाकटा भाऊ. शिडाच्या होडीतून एकट्याने महासागर पार करायला निघाला होता. आईने तळहातावर घातलेलं दही त्याने चाटलं, हात पँटला पुसला. आमच्या कानडी शहरातल्या सरस्वतीपुरमच्या कोपऱ्यावरून रिक्षा वळली तशी मी केरसुणी उचलली.

"आत्ता बेडा गं," आई म्हणाली. "माणूस पोचेपर्यंत केर काढू नये."

"कुठे पोचेपर्यंत? स्टेशनात, की समुद्रापलीकडे?" मी हसत विचारलं.

आईने खरंच विचार केला. "पलीकडे. बाकी घर झाड, त्याची खोली राहू दे."

पुढे होडी सापडली, शीड चढवलेलं. तो नव्हता. मग आईही गेली. खोली तशीच राहिली.

कामवाली भरलेली सुपली घेऊन खाली आली. "अक्का, इदन्न एल्ली हाक्ली?" कुठे टाकू, विचारत होती.

मला रडू आलं नाही, रागही नाही.

"वरच नेऊन ठेव," मी म्हटलं.