आजची चूक

"आजची चूक कुठं हाय?" असं म्हणून मास्तर फळ्याकडे पाठ करून उभे राहत आणि कनवटीला बांधलेलं फडकं सोडायला घेत. फडक्यात गूळ असे. फळ्यावर त्यांनी रोज एक चूक मुद्दाम करून ठेवलेली असे, कधी बेरजेत, कधी एखाद्या नदीच्या नावात. जो ती दाखवील त्याला गुळाचा खडा.

तुम्ही म्हणाल, मास्तरानं कधी अशा चुका कराव्यात का? आमच्या पाटलांनीही तेच विचारलं होतं. "मास्तर, पोरं तुमच्या चुका काढायला लागली तर तुमचा मान कोण ठेवील?"

मास्तर म्हणाले, "पाटील, पाया पडणारी लई हायेत. चूक दाखवणारं एखादं तरी तयार होऊ द्या."

आमचं गाव केजच्या अलीकडे. शाळा मारुतीच्या देवळामागच्या पडवीत. राज्य निजामाचं, सरकारी कागद सगळे उर्दूत, पण आमची शाळा मात्र मास्तरांच्या मराठीवर तीस वर्षं चालली. मी त्याच पडवीत शिकलो. खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त गूळ मीच खाल्ला. चूक दिसली की मला दम निघत नसे. मास्तर खडा हातावर ठेवताना टपली मारत आणि म्हणत, "हे बेणं मला म्हातारपणी लई छळणार."

पुढे मामाकडे औरंगाबादला राहून मी उर्दू शिकलो आणि त्याच शाळेत दुय्यम मास्तर होऊन आलो. तोवर मास्तरांनी पन्नाशी ओलांडली होती. बायको गेलेली, एकुलती लेक सिरसाळ्याला दिलेली. शाळा सुटली तरी ते पडवीतच बसून असत. पोरांच्या पाट्या पुसत, फुटक्या पाट्यांच्या कडा दगडावर घाशीत. घरी जात नाही का, असं विचारलं तर म्हणत, "घरी काय हाय? भिंती हायेत. त्यांना का पाढे शिकवू?"

मग वरून हुकूम आला. सालभरात उर्दूचं इम्तिहान पास व्हायचं, नाही तर जागा सोडायची. हुकूम मीच त्यांना वाचून दाखवला, कारण तो त्यांना वाचता येत नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक पाटी पुसली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"शिकवा," म्हणाले.

"मास्तर, मला अहोजाहो कावून करता?"

"पाटी माझ्या हातात हाय तवर तुमी गुरुजी. चूक दिसली की दाखवायची. माझी भीड धरायची न्हाई."

रोज शाळा सुटली की धडा सुरू होई. तीस वर्षं डावीकडून उजवीकडे गेलेला हात उलटा जायला तयार होईना. अक्षरं कशीबशी निघत, पण त्यांच्या वरखालचे ठिपके भलतीकडेच पडत. जिभेचं टोक बाहेर काढून मास्तर लिहीत आणि पोरं दारातून डोकावून खिदळत. "हसा बे, हसा," मास्तर म्हणत. "तुमाला बी मी असंच रडवलंय."

आणि मी काय करत होतो? "छान हाय, मास्तर," म्हणत होतो. पाच चुका असल्या तर एक सांगायचो, तीही अशी की दोष जणू पेन्सिलीचा. ज्यानं माझा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं, त्याच्या पाटीवर फुली मारायला माझा हात उचलत नव्हता. आणखीही एक होतं, तेही सांगून टाकतो. ते नापास झाले तर जागा मला मिळणार होती. गावात कुजबुज सुरू झालीच होती. चुका काढत बसलो तर लोक म्हणतील, याचा जागेवर डोळा आहे. मास्तर पाटी पुढे करत, "नीट बघा," म्हणत, आणि मी बघून न बघितल्यासारखं करी.

धुवट धोतर नेसून ते परीक्षेला बीडला निघाले, तेव्हा पोरं वेशीपर्यंत पोचवायला गेली. मास्तर मला म्हणाले, "तुमी छान म्हणलात. मला आता काळजी न्हाई."

सहा दिवसांनी परत आले. पडवीत बसून टोपी काढून ठेवली. "ठिपक्यांत गेलो," एवढंच म्हणाले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

निरोपाच्या दिवशी सारं गाव पडवीत जमलं. पाटलांनी मास्तरांना पागोटं बांधलं. बायका, बाप्ये, म्हातारे, सगळे एकेक करून पाया पडले. मीही पडलो. मग मास्तर उठले, खडू घेतला आणि उजवीकडून सुरुवात करून फळ्यावर उर्दूत एक ओळ लिहिली. गावात ती वाचता येणारा मी एकटाच होतो. 'ही शाळा माझं घर आहे,' असं लिहिलं होतं.

फळ्याकडे पाठ करून ते उभे राहिले. कनवटीचं फडकं सोडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आजची चूक कुठं हाय?"

दोन ठिपके चुकले होते. पोरांच्याही नजरा माझ्याकडे लागल्या होत्या. आजच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, कसं सांगू?

"चूक न्हाई, मास्तर. बरोबर हाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. गुळाचा खडा हातातच होता. मग त्यांनी तो पुन्हा फडक्यात ठेवला आणि सावकाश गाठ मारली. "बरं," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पुढे गेले.

बैलगाडी सिरसाळ्याच्या वाटेला लागली. गाव ओढ्यापर्यंत गेलं. मी गेलो नाही. पुन्हा आमची भेट झाली नाही, कारण पहिल्याच थंडीत लेकीच्या घरी त्यांनी डोळे मिटले. त्यांची जागा मी पुढे अनेक वर्षं चालवली, आणि पोरं मला मास्तर म्हणाली की दरवेळी मनातून वरमलो.

त्या दिवशी पडवी रिकामी झाल्यावर मी फळ्यापुढे उभा राहिलो. खडू घेतला आणि दोन्ही ठिकाणी खूण केली.

"इथं," मी मोठ्यानं म्हणालो, "अन् इथं."

बैलांच्या घुंगरांचा आवाज अजून येत होता. पळत गेलो असतो तर ओढ्यावर गाडी गाठता आली असती. मी खडू हातात धरून तो आवाज थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.